काखेतली शिवण

रूबेनच्या शर्टाची शिवण नेहमी उजव्या काखेतच उसवायची. गोलंदाजाचा शर्ट दुसरीकडे कुठे उसवणार? पण फाट कोणत्या दिशेने जाते, ते मी पाहत असे. लग्नानंतरच्या पहिल्या काही उन्हाळ्यांत ती काखेतल्या चौकोनी तुकड्याच्या पुढच्या कडेने छातीकडे जायची. हात खांद्याइतका आडवा उचलून पुढे फिरवला की कापड तिथेच ताणलं जातं. मग एका वर्षी जागा बदलली. फाट काखेतून सरळ खाली, बरगड्यांवरून कमरेकडे निघाली. मी दुहेरी टाके घातले. पुढच्या सामन्यानंतर शर्ट हातात आला तेव्हा फाट पुन्हा खालीच गेली होती, आणि कमरेत खोचलेला भाग वर ओढला जाऊन चुरगळलेला होता.

कापड असं एकाच कारणाने फाटतं. त्याचा हात खांद्याच्या वर जात होता.

आता यात कोणाला काही वावगं वाटणार नाही. हल्लीचे गोलंदाज हात कानाला लावून चेंडू टाकतात आणि पंच कोटाच्या खिशात हात घालून स्वस्थ उभे असतात. पण तेव्हा चेंडू सुटताना हात खांद्याच्या वर जाता कामा नये असा नियम होता. गेला तर पंचाने ‘नो बॉल’ म्हणायचं. आणि रूबेन ज्या टोकाकडून चेंडू टाकायचा, त्या टोकाला पंच म्हणून माझे वडील उभे असायचे.

आमचं गाव मोज्यांचं. बहुतेक प्रत्येक घरात लांब खिडकीशी माग होता. पुरुष मागावर बसत आणि आम्ही बायका विणलेल्या मोज्यांच्या शिवणी घालत असू. शनिवारी आठवड्याचा माल नॉटिंगहॅमला पोचला की सोमवारी कोणी मागाला हात लावत नसे. मालकांना ते खपायचं नाही, चॅपलमधले उपदेशक त्यावर बोलबोल बोलायचे, पण सोमवारी सगळं गाव मैदानावर. आमच्या कौंटीचे निम्मे खेळाडू असल्या सोमवारांतूनच तयार झाले.

माझे वडील, एनोक ब्रॅमली, हेही त्यातलेच. त्यांच्या तरुणपणी चेंडू खालून, गुडघ्याजवळून टाकायचे. मग आडव्या हाताची पद्धत आली आणि तिच्यापुढे खालून टाकणाऱ्यांची धडगत राहिली नाही. बाबांनी एक हंगाम त्या पद्धतीला शिव्या घातल्या आणि पुढच्या हंगामात पंचाची उंच टोपी चढवली. रूबेन टॅन्सलीला त्यांनीच हेरलं. तो सोमवार मला आठवतो, कारण कुंपणाशी बसून मी मोजे शिवत होते. रूबेनचे पहिले दोन चेंडू यष्टिरक्षकाच्याही आवाक्याबाहेरून गेले.

“काय रे, कोणाला मारायला निघालायस?” बाबांनी विचारलं.

“स्टंपला, म्हातारबा.”

“मग त्यांना तसं कळव की. ते बिचारे अजून निवांत उभे आहेत.”

पुढच्या चेंडूला मधला स्टंप उपटून मागे पडला. रूबेन म्हणाला, “आता कळलं बहुतेक.”

बाबा हसले. ते सहसा हसत नसत. दोन हंगामांनी त्यांनी त्याला कौंटीच्या संघात नेलं आणि आणखी एका हंगामाने मी त्याच्याशी लग्न केलं. माझं लग्न चेंडूशी झालं असं गावात म्हणायचे, आणि ते फारसं खोटं नव्हतं. मे ते सप्टेंबर तो आगगाडीने गावोगाव फिरायचा आणि हिवाळ्यात माझ्यासमोर मागावर बसायचा. त्याचा आडवा हात लांब होता, सैल होता, आणि त्यातून सुटलेला चेंडू जमिनीवर पडल्यावर घाईला आल्यासारखा उठायचा. शेजारच्या सायलस वॅगस्टाफने तर आपल्या कोंबड्याचं नाव ‘रूबेन’ ठेवलं होतं.

दोन्ही संघ आपापला पंच आणत. आमचा पंच म्हणजे बाबा. एकेक डाव झाला की पंच टोकं बदलत, आणि रूबेन नेहमी बाबांच्या टोकाकडूनच चेंडू टाके. पहिल्या वर्षांत त्याला कारण असं काही नव्हतं, सवय होती. लोक म्हणायचे, सासऱ्याची सावली मानवते त्याला.

खांदा दुखावला तो उत्तरेकडच्या एका सामन्यात. रात्रभर पाऊस पडलेला, खेळपट्टीवर लाकडाचा भुसा टाकलेला. धावत येताना त्याचा पाय घसरला. अंग पुढे गेलं आणि हात मागे राहिला. त्याने तो डाव पुरा केला. घरी आला तेव्हा म्हणाला, “थोडा आखडलाय.” मी हंसाची चरबी गरम करून चोळली. आखडलेला खांदा महिनाभरात सुटतो. हा सुटला नाही.

मग एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवरची बरणी तो सहज काढायचा. जमिनीवरची कोळशाची बादली उचलायचा. पण जेवताना समोरचं मीठ माझ्याकडे सरकवायला सांगितलं की डावा हात पुढे करायचा. दुखणं एका पट्ट्यात बसलं होतं. त्या पट्ट्याच्या खाली काही नाही, वर काही नाही. मध्ये हात आडवा झाला की सुरी फिरावी तसं. आणि तो पट्टा नेमका नियमातल्या उंचीचा होता.

त्याने हात लबाडीने वर नेला नाही. जिथे दुखत नव्हतं तिथून तो चेंडू टाकायला लागला, इतकंच. तोंडाने हे तो माझ्याशीही बोलला नाही. मला शिवणीने सांगितलं.

सगळ्यात वाईट गोष्ट अशी की त्यामुळे चेंडू सुधारला. उंचावरून आलेला चेंडू छातीपर्यंत उसळायचा, आणि दक्षिणेकडचे मोठमोठे सद्गृहस्थ बॅट गळ्याशी धरून नाचायचे. तो हंगाम त्याचा आजवरचा सगळ्यात मोठा ठरला. गावात मिरवणूक निघाली. सायलस कुंपणावरून ओरडला, “हेस्टर, काय खायला घालतेस गं त्याला? थोडं माझ्या मागालाही घालतो, भरभर चालेल!”

मी म्हटलं, “तुझ्या मागाला नाही रे, तुला घालायला हवं. माग बिचारा तुझी वाट बघून गंजला.”

सायलसची बायको आतून हसली, आणि मीही हसले. घरात रूबेन उजवा हात मांडीवर ठेवून बसला होता, झोपलेलं मांजर उठू नये तसा.

कारण वर दुखत नसलं तरी वर जायला तो पट्टा ओलांडावाच लागतो, आणि खाली येतानाही. दर चेंडूला जाताना एकदा, येताना एकदा. हिवाळ्यात मागावर बसल्यावर तर सुटकाच नव्हती. मागाची लोखंडी पट्टी दोन्ही हातांनी छातीसमोर ओढावी लागते, आणि तिथे हात वर न्यायची पळवाट नसते. तो थोडं विणायचा, थांबायचा, तेल घालायच्या निमित्ताने उठायचा. माझ्याकडे शिवायला मोजे कमी येऊ लागले. तेव्हा मीच त्याला मॅन्सफील्डच्या हाडवैद्याकडे नेलं.

हाडवैद्याने खांद्यावर अंगठा ठेवून हात फिरवला आणि ऐकल्यासारखी मान कलती केली. म्हणाला, “आत एक दोर आहे. तो हाडावर घासतोय. अजून धागे शिल्लक आहेत. आता थांबलास तर हळूहळू का होईना, मागावर बसशील. नाही थांबलास तर एक दिवस तुटेल, आणि मग हा हात बाहीत नुसता लोंबेल.”

परतताना रूबेन म्हणाला, “येता हंगाम झाला की थांबतो.”

तो हंगाम झाला. त्याने पुन्हा तेच म्हटलं. तोही झाला.

या काळात बाबांचं आमच्याकडचं येणं कमी झालं. पूर्वी रविवारी चॅपलहून परस्पर जेवायला येत. आता टोपीला हात लावून दारावरून पुढे जात. तिसऱ्या वर्षीच्या जुलैत मी त्यांच्या परसात गेले. ते गूजबेरीच्या झुडपांशी वाकले होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, “तुझा नवरा फार मोठा झालाय.”

“काय केलं त्याने?”

“तुला ठाऊक नाही? शर्ट तर तूच शिवतेस.” त्यांनी एक फळ बोटांत दाबून पाहिलं, ते कच्चं होतं. “मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा असतो, पोरी. मला दिसत नाही असं समजतो का तो? त्याला वाटतं, नियम किरकोळ माणसांसाठी असतात. आणि म्हातारा काही बोलायचा नाही, त्याची मुलगी माझ्या घरात आहे.”

“तसं नाही, बाबा.”

“मग कसं? दर चेंडूला माझ्या गळ्याशी येतं. तिथेच राहतं. मग तुझं घर डोळ्यांपुढे येतं आणि मी गिळून टाकतो. आजवर एवढं गिळलंय की चॅपलमध्ये तोंड उघडायचीही लाज वाटते.”

मी सांगू शकले असते. पण सांगितलेलं त्यांनी मुलीचं बोलणं म्हणून घेतलं असतं. मी म्हटलं, “रविवारी जेवायला या. आणि मीठ माझ्याकडे मागू नका, त्याच्याकडे मागा.”

ते आले. मी मटण आणि पिठाचे गोळे शिजवले होते. मिठाचं भांडं मी रूबेनच्या उजव्या हाताशी ठेवलं होतं. बाबांनी एक घास घेतला आणि म्हणाले, “मीठ दे रे.”

रूबेनने अंग वळवून डावा हात पुढे केला.

“उजव्याला काय झालं? तो फक्त कौंटीसाठी राखून ठेवलायस?”

रूबेनने माझ्याकडे पाहिलं. मग उजव्या हाताने भांडं उचललं आणि टेबलावरून पुढे धरलं. हात अर्ध्यावर आला आणि थरथरला. मीठ बाबांच्या ताटाभोवती सांडलं.

बाबा उठले. टेबलाला वळसा घालून त्याच्यामागे उभे राहिले. “वर घे,” म्हणाले. रूबेनने डाव्या हाताने कोपर धरून हात वर ढकलला. वर पोचल्यावर तो मोकळा राहिला, छताला टेकायला निघाल्यासारखा. बाबांनी त्याचं मनगट धरलं आणि हात हळूहळू खाली आणू लागले. खांद्याच्या रेषेत आल्यावर रूबेनच्या ओठांचा रंग गेला.

“इथे?”

“इथे.”

बाबांनी मनगट सोडलं नाही. तसंच, त्याचं वजन आपल्या हातावर घेऊन, खाली आणून मांडीवर ठेवलं. मग परत आपल्या जागी येऊन बसले आणि सांडलेलं मीठ बोटाने एका जागी गोळा करत राहिले.

“मी समजत होतो तू माजलायस.”

“तसंच समजू द्यायचं होतं तुम्हाला, म्हातारबा. सोपं होतं ते.”

हाडवैद्य काय म्हणाला ते मी सांगितलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मग कमिटीला सांग ना की झालं आता. त्यात काय आहे?”

रूबेन हसला. “रोज सकाळी ठरवतो. मोजे चढवताना ठरवतो, स्टेशनवर ठरवतो. मग मैदानात कोणीतरी चेंडू हातात देतो.” त्याने काटा खाली ठेवला. “मला तेवढंच येतं. मागावर मी कधीच चांगला नव्हतो, हिला विचारा. ती चेंडू टाकण्याची जागा सोडून मी चालत आत यायचं, आपल्या पायांनी... माझ्याच्याने नाही व्हायचं. तुम्ही ‘नो बॉल’ म्हणालात तर होईल. मग कोणी चेंडू हातात देणार नाही.”

“मी?”

“पंच कोण आहे?”

“आपल्याच कौंटीच्या गोलंदाजाला? आपल्याच जावयाला? भर मैदानात? वेडा झालास काय. जन्मभर लोक तुला चोर म्हणतील, आणि मला त्याहून वाईट काहीतरी.”

“म्हणू देत,” मी म्हटलं. “त्या हाताने त्याला अजून पुष्कळ वर्षं जेवायचंय, बाबा.”

बाबा उठले. ताट अर्धं सोडून त्यांनी टोपी घेतली. दारात थांबून म्हणाले, “आडवा हात आला तेव्हा मी थांबलो. मला कोणी थांबवलं नव्हतं. मला वाटायचं, सगळ्यांना जमतं ते.”

त्यानंतर एक सामना झाला. बाबा गप्प राहिले. रूबेन परत आला, त्याने शर्ट माझ्याकडे दिला आणि जेवायला बसला. दुसरा सामना झाला. बाबा दारावरून जाताना थांबले. “गळ्याशी आलं होतं, पोरी,” एवढंच म्हणाले. त्या आठवड्यात रूबेनला चमचा डाव्या हातात धरावा लागला.

तिसरा सामना नॉटिंगहॅमला होता, दक्षिणेकडच्या एका कौंटीविरुद्ध. लग्नानंतर मी क्वचितच मैदानावर जात असे, पण त्या दिवशी गेले. आदल्या संध्याकाळी मी शर्ट शिवला होता. दोरा मेणावरून ओढून घेतला होता आणि काखेतला तुकडा नवा लावला होता. सायलसने दोरीपाशी माझ्यासाठी जागा धरली आणि खिशातून चीजचा तुकडा काढून दिला.

“आज बघ,” तो म्हणाला. “थोड्याशाच धावा हव्यात त्यांना, आणि आत शेपूटच उरलंय. रूबेन एका दमात झाडून काढेल.”

शेवटच्या डावासाठी पंचांनी टोकं बदलली होती. बाबा आता झाडांच्या बाजूला उभे होते. वारा उलट्या बाजूने, पॅव्हिलियनकडून येत होता आणि उतारही तिकडूनच होता. कर्णधाराने चेंडू घेतला आणि रूबेनला पॅव्हिलियनच्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथे समोरच्या संघाचा पंच उभा होता. तो ढेरपोट्या गृहस्थ गेली तीन वर्षं रूबेनला लांबून पाहत होता आणि यजमानांच्या मैदानात भांडण नको म्हणून गप्प बसत होता.

रूबेनने नकाराची मान हलवली. तो चेंडू घेऊन झाडांच्या बाजूला चालू लागला.

“हुशार आहे,” सायलस आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “वारा गेला खड्ड्यात. सासऱ्याच्या जवळ राहावं माणसाने.”

लोक हसले. हातातलं चीज मी तसंच धरून ठेवलं होतं.

रूबेनने आपली टोपी काढून बाबांना दिली. ती ते नेहमी कोटाच्या खिशात कोंबत. या वेळी त्यांनी ती हातातच धरली. रूबेन त्यांना काहीतरी म्हणाला. काय ते मला ऐकू आलं नाही, आणि त्याने मला कधी सांगितलं नाही. बाबा जमिनीकडे पाहत होते.

पहिला चेंडू त्याने आडव्या हाताने टाकला. नियमात बसणारा, खांद्याच्या रेषेतला, पूर्वी टाकायचा तसा. मला इतक्या लांबूनही त्याची मान एका बाजूला ओढली गेलेली दिसली. चेंडू मध्येच पडला आणि लोळत गेला. फलंदाजाने तो सावकाश ढकलला. कोणीतरी ओरडलं, “झोप झाली नाही काय, टॅन्सली?”

दुसराही तसाच टाकला. त्यानंतर तो थोडा वेळ वाकून, उजवा हात डाव्या हातात धरून उभा राहिला. सायलसचं हसू थांबलं होतं. “काय झालं गं त्याला?” त्याने विचारलं. “बरं नाही का?”

रूबेन आपल्या खुणेवर परत गेला. बाबांनी मान वर केली होती. त्यांच्या हातातली टोपी आता छातीशी होती, चॅपलमध्ये उभं राहताना धरतात तशी.

तो धावत आला. हात मागून निघाला, आडवा झाला, तिथे थांबला नाही. वर गेला, खूप वर, आणि शर्ट कमरेतून ओढला जाऊन बाहेर आला. चेंडू कुठे पडला ते मी पाहिलं नाही. मला लाकडाचा आवाज आला आणि आमची माणसं ओरडत उठली. मी बाबांच्या तोंडाकडे पाहत होते. ते उघडलं होतं, आणि त्यातून निघालेला आवाज त्या सगळ्या ओरड्याच्या वर, झाडांपर्यंत गेला.

“नो बॉल!”